आवतन

गोळीबार चौकात, पानठेल्यापाशी, उभ्या उभ्या
मी सुदाम हेडाऊला मटणाचं आवतन दिलं.
रविवारी ये. रात्री. वहिनींनाही आण.
पत्रिका नाही, अक्षत नाही,
पाठीवर एक थाप. आमच्यात
ती स्टॅम्पपेपरपेक्षा पक्की.

मग व्याह्यांचा फोन.
पोरीला घेऊन तेही रविवारीच येणार.
आणि जरा खाकरून,
"ते हेडाऊ असतील, तर आम्ही पुन्हा कधी."
पतसंस्थेची निवडणूक, अठरा वर्षांपूर्वीची.
सात मतांनी पडलेले व्याही
अजून ती सात माणसं शोधत असतात.
माझी पोर त्यांच्या घरात आहे.
हे वाक्य इथंच थांबतं.

आवतन कसं द्यावं, आईनं शिकवलं होतं:
दारातून देऊ नये. आत बसावं,
पाणी प्यावं, मग बोलावं.
परत कसं घ्यावं, ते राहून गेलं.
तिच्या वेळी कोणी घेत नसावं,
किंवा घेत असतील, आणि त्यांची नावं
पुन्हा घरात निघत नसतील.

बायको म्हणाली, फोन करा.
धाकटा म्हणाला, मेसेज टाका,
खाली जोडलेले हात टाका.
मी नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी
डोक्याला दुपट्टा बांधून
मानेवाड्याहून स्कूटर काढली.

मेडिकलच्या सिग्नलला ठरलं: बायकोची तब्येत.
नको, खरंच बिघडली तर.
अग्रसेन चौकात: गॅस संपला.
छे, हा स्वतःचं सिलिंडर मागे बांधून येईल.
गांधीबागेपाशी म्हटलं, सुतक सांगू,
आणि चांगले धडधाकट चुलते आठवून
हिरव्या सिग्नललाही थांबून राहिलो.
मागचा हॉर्न वाजवत होता.

"काहून आला बे एवढ्या उन्हात?"
कूलरसमोरची खुर्ची मला,
स्वतः पलंगाच्या कडेवर.
वहिनींनी पन्हं आणलं. म्हणाल्या,
भाऊजी, रविवारसाठी यांनी
डॉक्टरच्या मागे लागून लागून
कालच कवळी आणली.
म्हणतात, परात्याच्या घरचं मटण
गिळाचं नाही, चावाचं.
तो हसला. सगळे दात सारखे,
पांढरेशुभ्र, अजून कोणाचेच नसलेले.

अर्धा पेला झाल्यावर मी म्हणालो,
सुदाम, ते रविवारचं…
पुढं गेलो नाही.
कूलरची मोटर तेवढी बोलत राहिली.

"अरे हो," तो म्हणाला, "बरं आठवलं.
रविवारी मले जमूनच नाही राहिलं.
साळ्याच्या पोरीचा साक्षगंध आहे, उमरेडले.
मीच येणार होतो सांगाले."
वहिनींनी त्याच्याकडं पाहिलं,
मग पेले उचलले.
वहिनींना भाऊ नाही.
मला हे चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे,
आणि मला ठाऊक आहे, हे त्यालाही.

असं खोटं दोन्ही हातांनी घ्यावं.
मी घेतलं. म्हणालो, मग पुढच्या महिन्यात.
तो म्हणाला, पाहू न बे, घाई काय आहे.
निघताना त्यानं स्कूटरची सीट
ओल्या फडक्यानं पुसून दिली,
ऊन बसलं होतं तिच्यावर.

रविवारी व्याही पोटभर जेवले.
रस्सा झकास, म्हणाले, तिखट जरा पुढं गेलं.
बायकोनं एक डबा भरून ठेवला होता.
मी म्हणालो, नको.
बोलावलं नाही त्याला उरलेलं कसं पाठवायचं?
डबा रात्रभर ओट्यावर राहिला, सकाळी वास आला.

सोमवारी त्याचाच फोन.
"कवळी टोचते बे. झालं ते बरंच झालं.
मटण काही जमलं नसतं."
आणि बोलता बोलता पलीकडून
कडाक, कडाक,
फुटाणे फोडल्याचा आवाज.

मी विचारलं, उमरेड कसं होतं?
"ऊन लय होतं," म्हणाला,
आणि आणखी एक फोडला.